युद्धोत्तर भूदृश्य छायाचित्रे: आधी कॅमेरा कुठे उभा होता ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९४५ नंतरची भूदृश्यांची छायाचित्रे समोर ठेवली, उदाहरणार्थ अमेरिकेच्या कोलोराडो राज्यातली साच्यातून काढल्यासारखी घरे, जर्मनीच्या रूर खोऱ्यातल्या पाण्याच्या टाक्या किंवा हिरोशिमातल्या एका पडक्या इमारतीतले डाग, तर त्यांचा अर्थ इतिहासाच्या आणि संस्कृतीच्या संदर्भात कसा लावायचा? लिहायला बसले की 'युद्धाचा आघात' आणि 'आधुनिक माणसाचे एकाकीपण' यांच्या पुढे गाडी सरकत नाही.

सरकणारही नाही, कारण ही दोन्ही विधाने कुठल्याही रिकाम्या चित्राखाली चिकटवता येतात. एक सोपी चाचणी करून बघा: तुम्ही लिहिलेले वाक्य कोलोराडोच्या चित्राखालून उचलून हिरोशिमाच्या चित्राखाली ठेवा. तिथेही ते खपत असेल तर खोडून टाका. युद्धानंतरच्या भूदृश्यात जमिनीबद्दल कुणीतरी काही ठरवलेले असते. कधी सरकारने, कधी लष्कराने, कधी बिल्डरने, कधी संग्रहालयाने आणि प्रत्येक वेळी छायाचित्रकाराने. चित्र वाचायचे म्हणजे हे निर्णय एकेक करून शोधायचे. भावनेबद्दल त्यानंतर बोलता येते.

सुरुवात कॅप्शन झाकून करा. पंधरा मिनिटे नुसते बघा आणि दिसते ते साध्या शब्दांत लिहा. क्षितिजरेषा किती उंचीवर आहे? कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर आहे की वर? सावल्या किती लांब, कोणत्या बाजूला? आकाश पांढरे, राखाडी की जवळजवळ काळे? कडांवर काय अर्धवट कापले गेले आहे? काम शाळकरी वाटते, पण पुढचे सगळे यावरच उभे राहते. कृष्णधवल चित्रातले काळे आकाश म्हणजे बहुधा लाल किंवा नारिंगी फिल्टर, नाहीतर डार्करूममध्ये प्रिंट काढताना त्या भागाला दिलेला जादा प्रकाश, ज्याने तिथला कागद काळा होतो. एकूण काय, नाट्य हवे असे कुणीतरी ठरवले. अमेरिकी छायाचित्रकार जो डील याच्या चौकोनी चित्रांत क्षितिजच नसते. तो उंचावर उभा राहून कॅमेरा खाली झुकवतो, आणि डोंगरउतारावरच्या घरांचे दृश्य प्लॉटच्या नकाशासारखे दिसू लागते. त्याचा समकालीन लुईस बॉल्ट्झ कॅमेरा कारखान्याच्या भिंतीला समांतर धरतो. नजर खोलवर न्यायला एकही तिरकी रेषा राहत नाही. आत काय बनते हे भिंतीवरून कळू नये, हाच त्या चित्रांचा मुद्दा आहे.

मग कॅप्शन उघडा, आणि शीर्षक शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. अमेरिकी निसर्ग-छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सचे 'माउंट विल्यमसन' याच्यासाठी उत्तम उदाहरण आहे. समोर प्रचंड धोंड्यांचे मैदान, मागे पर्वत, ढगांतून उतरणारे किरण. माणसाचा मागमूस नाही. बहुतेक संग्रहांत त्याची नोंद १९४४ अशी आहे, आणि शीर्षकाचा पुढचा भाग सांगतो की हे दृश्य मान्झानारहून घेतले आहे. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला, आणि जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरांतून काढून छावण्यांत ठेवण्यात आले. त्यांतले बहुसंख्य अमेरिकी नागरिक होते. मान्झानार ही दहा मुख्य छावण्यांपैकी एक; तिथे एका वेळी १०,००० हून जास्त लोक होते. म्हणजे ते निर्मनुष्य मैदान काटेरी कुंपणापासून जवळच आहे.

इथे नवखा लेखक लगेच निकाल देतो: अ‍ॅडम्सने छावणी लपवली. तसे म्हणता येत नाही. त्याने १९४३ मध्ये छावणीतल्या माणसांची, शेतांची, बराकींची चित्रे काढली, त्यांच्या बाजूने १९४४ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले आणि पुढे तो संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिला. त्यातल्या एका चित्राच्या शीर्षकातच ते पहाऱ्याच्या मनोऱ्यावरून घेतल्याचे नमूद आहे. छावणी गळाली ती नंतर. १९५५ मध्ये एडवर्ड स्टायकेनने न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 'फॅमिली ऑफ मॅन' हे प्रदर्शन मांडले, त्यात 'माउंट विल्यमसन' होते. तिथे चित्रांखाली तपशीलवार कॅप्शन नव्हत्या. सगळी मानवजात एक कुटुंब, ही प्रदर्शनाची मांडणी. अमेरिकी सरकारच्या माहिती खात्याने ते पुढे देशोदेशी फिरवले. त्या मांडणीत हा पर्वत सर्वांचा आणि कालातीत झाला. चित्र तेच, पण १९४४ च्या मान्झानारमधला त्याचा अर्थ आणि १९५५ च्या शीतयुद्धातला अर्थ एक नाही. तुमच्या लेखात यांपैकी कोणत्या अर्थाबद्दल बोलताय ते पहिल्याच परिच्छेदात सांगा.

त्याच परिसरात, त्याच वर्षी अ‍ॅडम्सने लोन पाइन गावाहून हिवाळ्यातला सूर्योदय टिपला. गावातल्या शाळेच्या मुलांनी डोंगरावर पांढऱ्या दगडांनी 'एल' आणि 'पी' ही अक्षरे मांडली होती. अ‍ॅडम्सने ती निगेटिव्हवरच रंगवून घालवली. हा निर्णय मात्र सर्वस्वी त्याचा. 'अस्पर्श निसर्ग' हा शब्दप्रयोग वापरण्याआधी अशा गोष्टी तपासाव्यात.

यातून एक सवय लावून घ्या. प्रत्येक चित्राच्या चार तारखा वेगळ्या लिहा: एक्स्पोजरची (म्हणजे कॅमेऱ्याने दृश्य टिपल्याची), हातातल्या प्रिंटची, पहिल्या प्रकाशनाची, आणि ते गाजले त्या प्रदर्शनाची. चारही मिळतीलच असे नाही, पण रकाना रिकामा दिसला पाहिजे. अ‍ॅडम्सच्याच 'मूनराइज, हर्नांडेझ' या चित्राला तो स्वतः १९४० पासून १९४४ पर्यंत वेगवेगळी वर्षे देत असे. शेवटी खगोल अभ्यासकांनी चंद्राच्या स्थानावरून गणित मांडले. आता १ नोव्हेंबर १९४१ ही तारीख मानली जाते. म्हणजे पर्ल हार्बरच्या आधीचा, अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वीचा क्षण. पण भिंतीवर दिसतो तो प्रिंट बहुतेकदा युद्धानंतरचा असतो. १९४८ मध्ये त्याने निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रिया करून त्याची घनता वाढवली, आणि पुढच्या दशकांत आकाश गडद होत गेले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढगांचे फिकट पट्टे आहेत. नंतरच्यांत ते जवळपास काळे आहे. त्या काळ्या आकाशावरून १९४१ च्या मनःस्थितीबद्दल परिच्छेद लिहिला तर तो चुकीच्या दशकाबद्दलचा परिच्छेद होईल.

प्रिंटचे वय कागदावरूनही अंदाजता येते. छायाचित्रांच्या कागदात शुभ्रता वाढवणारी रसायने साधारण १९५० च्या दशकापासून येऊ लागली; अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर चमकतो. १९४० च्या दशकातला म्हणून दाखवलेला प्रिंट तसा चमकला तर तो नंतरचा आहे असे समजा. उलटे मात्र खरे नाही: चमकला नाही म्हणून जुना, असे सिद्ध होत नाही, कारण ही रसायने नसलेले कागद पुढेही मिळत राहिले. प्लॅस्टिकचा थर दिलेला कृष्णधवल कागद १९७० च्या दशकातला किंवा नंतरचा.

आता कोलोराडो. रॉबर्ट अ‍ॅडम्स (अ‍ॅन्सलशी नाते नाही, विद्यार्थी हमखास गोंधळतात) याचे १९६८ चे 'कोलोराडो स्प्रिंग्ज' हे चित्र घ्या. बैठे, स्वस्तातले घर, समोर हिरवळ, खिडकीत एका बाईची काळी आकृती. मागच्या खिडकीतून उजेड येतो म्हणून तेवढी दिसते. एकाकीपण? असेल. पण आधी हे घर तिथे का आहे ते विचारा. १९४४ च्या 'जी. आय. बिल' या माजी सैनिकांसाठीच्या कायद्याने युद्धावरून परतलेल्यांच्या गृहकर्जांना सरकारी हमी दिली. प्रत्यक्षात तिचा लाभ मोठ्या प्रमाणात गोऱ्या कुटुंबांना झाला. १९५६ च्या महामार्ग कायद्याने ४१,००० मैलांचे जाळे मंजूर केले, आणि शहरापासून दूरची कुरणे एकाएकी प्लॉट पाडण्याजोगी झाली. कोलोराडो स्प्रिंग्जला तर आणखी एक कारण होते. १९४२ मध्ये तिथे लष्करी तळ आला, १९५४ मध्ये हवाई दलाच्या अकादमीसाठी त्या जागेची निवड झाली, १९५७ मध्ये उत्तर अमेरिकेच्या हवाई संरक्षणाचे मुख्यालय आले. उत्तरेला डेनव्हरजवळ रॉकी फ्लॅट्स कारखान्यात १९५२ पासून अण्वस्त्रांचे प्लुटोनियमचे भाग बनत होते. शीतयुद्धाचा पैसा या दोन शहरांच्या वाढीत होता. अ‍ॅडम्सने पुढे रॉकी फ्लॅट्सच्या परिसरातल्या माणसांची चित्रे काढली आणि १९८३ मध्ये ती पुस्तकरूपात आली, त्यामुळे हा संबंध ओढूनताणून लावलेला नाही. तरी १९६८ च्या त्या एका चित्रात अण्वस्त्रे 'दिसतात' असे लिहू नका. परिसराचा इतिहास आणि चित्राचा आशय यांत एक पायरी आहे, ती वाचकाला दिसू द्या.

त्याच्या प्रकाशाकडेही लक्ष द्या. सुमारे १,६०० ते १,८०० मीटर उंचीवरची कोरडी हवा, भरदुपारचे ऊन, आकाश जवळजवळ पांढरे. अ‍ॅन्सलचे आकाश काळे होत होते त्याच काळात हा ते उजळ छापत होता. स्वस्त भिंतीवर पडलेले ऊनही तितक्याच जपून छापले आहे, जितके कुणी बर्फाच्या शिखरावरचे छापेल. म्हणून ही चित्रे निव्वळ टीका म्हणून वाचली की अर्धीच हाती लागतात. माझ्या मते अशा लेखनातली ही सर्वांत मोठी चूक: चित्राचा विषय कुरूप, म्हणून चित्र म्हणजे तक्रार.

रॉबर्ट अ‍ॅडम्स, बॉल्ट्झ, डील हे ज्या प्रदर्शनामुळे एकत्र ओळखले जातात ते 'न्यू टोपोग्राफिक्स' विल्यम जेनकिन्सने ऑक्टोबर १९७५ मध्ये रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसमध्ये मांडले. दहा छायाचित्रकार, १६८ चित्रे, रंगीत चित्रे फक्त स्टीफन शोअरची. यांचा कुठला जाहीरनामा नव्हता. त्याची ख्याती बरीचशी नंतर घडली. २००९ मध्ये तर ते नव्याने मांडून फिरवले गेले. म्हणून '१९७५ च्या चळवळीने ठरवले की…' अशी वाक्यरचना टाळा. 'तटस्थ शैली' या शब्दालाही जपा. सपाट प्रकाश, समोरून घेतलेला कोन, माणसाचा अभाव ही सगळी निवडच आहे, आणि तिच्या मागे १८६०-७० च्या दशकांतल्या सरकारी भूसर्वेक्षणांच्या छायाचित्रांची परंपरा आहे. ती सर्वेक्षणेही जमीन ताब्यात घेण्याच्या कामाचा भाग होती.

जर्मनीत तारखांइतकाच प्रश्न पूर्व-पश्चिम सीमारेषेचा असतो. रिशार्ड पेटरचे ड्रेस्डेनचे चित्र बहुतेकांनी पाहिलेले असते: नगरभवनाच्या मनोऱ्यावरून खाली पसरलेले अवशेष, आणि कडेला हात पुढे केलेली दगडी मूर्ती. तिला सर्रास देवदूत म्हटले जाते. ती 'दयाळूपणा' या गुणाची मूर्ती आहे, पंख नाहीत. लहान चूक, पण तिच्यामुळे वाचन थेट धार्मिक शोकाकडे घसरते. पेटरचे पुस्तक १९४९ मध्ये पूर्वेकडच्या राजवटीत निघाले आणि त्यात अवशेषांनंतर पुनर्बांधणी येते. १९४७ मध्ये हेर्मान क्लासेनचे कोलोनच्या अवशेषांचे पुस्तक पश्चिमेकडे आले. त्याच्या नावात बायबलमधल्या अग्निभट्टीचा संदर्भ आहे. ढिगारे सारखेच, पण एकीकडे आरोप आणि नवी उभारणी, दुसरीकडे अग्निदिव्य आणि प्रायश्चित्त. यांतले एखादे सुटे चित्र उचलून त्याबद्दल लिहिणे म्हणजे निम्मा पुरावा टाकून देणे. आधी पानांचा क्रम पाहा. आणि दोन्हींत काय नाही तेही: बॉम्ब का पडले, त्याआधी या शहरांतून कुणाला नेले गेले.

बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन छायाचित्रकार दांपत्याने १९५९ मध्ये एकत्र काम सुरू केले. १९५८ पासून रूरच्या कोळसा उद्योगावर संकट आले होते आणि खाणी बंद पडू लागल्या होत्या. म्हणजे ते ज्या औद्योगिक वास्तू टिपत होते त्या पाडल्या जाण्याच्या बेतात होत्या. पद्धत ठरलेली: लार्ज फॉरमॅट (मोठी निगेटिव्ह देणारा) कॅमेरा, ढगाळ आकाश म्हणजे सावल्या नाहीत, शिडीवरून किंवा शेजारच्या इमारतीवरून घेतलेली मध्यावरची उंची म्हणजे मनोरा वर निमुळता होत नाही, आणि मग एकाच प्रकारच्या नऊ, बारा, पंधरा वास्तूंची चित्रे ओळींत शेजारी मांडून केलेली जाळी. अर्थ त्या जाळीत आहे. एकाच टाकीच्या चित्राबद्दल दोन पाने लिहिणाऱ्याने कामाचे एककच चुकीचे धरले. नऊ टाक्या शेजारी ठेवल्या की फरक दिसतात, कोणता भाग गरजेचा आणि कोणता स्थानिक सवयीचा ते कळते. त्यांच्यावर आक्षेपही आहे. याच उद्योगांत नाझी काळात वेठबिगार राबवले गेले, आणि त्या राखाडी आकाशाखाली तो इतिहास निःशब्द होतो. उलट बाजूने असे म्हणता येते की त्यांनी निसर्गरम्य 'मायभूमी'ची प्रतिमा, जी त्या राजवटीने वापरून नासवली होती, तिला हेतुपुरस्सर नकार दिला. मला दुसरे म्हणणे अधिक पटते, पण पहिले न मांडता दुसरे मांडणे हा पळपुटेपणा आहे.

जपानमध्ये सर्वांत आधी सेन्सॉरशिपचे कोष्टक जवळ ठेवा. नागासाकीवर ९ ऑगस्ट १९४५ रोजी बॉम्ब पडला, १० तारखेला योसुके यामाहाता तिथे चित्रे घेत होता. पण सप्टेंबर १९४५ पासून देशाचा ताबा घेतलेल्या अमेरिकी प्रशासनाचे वृत्तपत्रांवर निर्बंध आले. ताबा एप्रिल १९५२ मध्ये संपला आणि 'आसाही ग्राफ' नियतकालिकाने ६ ऑगस्ट १९५२ च्या अंकात अणुबॉम्बची चित्रे मोठ्या प्रमाणावर छापली. त्यामुळे '१९४५ मध्ये जपानी समाजाने ही दृश्ये पाहून…' असे वाक्य सुरू करणेच चूक. सात वर्षांची पोकळी हा इथला मुख्य संदर्भ आहे. किकुजी कावादाचे 'नकाशा' हे पुस्तक हिरोशिमावरच्या बॉम्बनंतर बरोबर वीस वर्षांनी, ६ ऑगस्ट १९६५ ला आले. हिरोशिमाच्या अणुबॉम्ब घुमटाच्या आतले डाग, शेजारी कोका-कोलाच्या बाटल्या, अमेरिकी सिगारेटची पाकिटे, युद्धात मेलेल्या वैमानिकांच्या आठवणी. पाने दोन्ही बाजूंना उलगडतात, प्रत्येक वेळी आतून दुसरे चित्र निघते. स्क्रीनवर एकेक डाग पाहिला तर तो अमूर्त चित्रकलेसारखा दिसतो. पान उलगडून बाटली समोर आली की ताबा, पराभव आणि उपभोग एकाच जागी येतात.

१९६८-६९ च्या 'प्रोव्होक' या जपानी छायाचित्र-नियतकालिकातली खरबरीत, हललेली, अस्पष्ट दृश्ये थेट अणुबॉम्बच्या आघाताशी जोडण्याचा मोह आवरा. ३५ मिमी कॅमेरा, जलद फिल्म, जास्त तापवून केलेले डेव्हलपिंग, मासिकाची छपाई, आणि विद्यार्थी आंदोलनांचा काळ ही अधिक जवळची कारणे आहेत. १९६९ च्या सुमारास समीक्षक मासाओ मात्सुदा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी भूदृश्याविषयी मांडलेला विचार इथे खरा उपयोगी पडतो: महामार्ग, स्थानके, वसाहती यांनी सगळी गावे एकसारखी होत जाणे, हेच सत्तेचे रूप आहे. पोलीस दिसण्याची गरज नाही. त्याच्या शेजारी जपानी राष्ट्रीय रेल्वेची १९७० ची 'डिस्कव्हर जपान' जाहिरात मोहीम ठेवा, शहरी प्रवाशाला हरवलेले गाव विकणारी. 'प्रोव्होक'मधल्या ताकुमा नाकाहिराची काळोखी दृश्ये या दोहोंच्या मध्ये ठेवून पाहिली की ती कशाला नकार देत होती ते समजते.

रंगीत चित्रांबाबत एकच इशारा. १९७० च्या दशकातले रंगीत प्रिंट उडतात. निळसर छटा आधी गेली की चित्र लालसर, उबदार दिसते. तो 'गतकाळाचा हळवा प्रकाश' रसायनाचा असू शकतो. नवा प्रिंट किंवा त्या काळातले छापील पुस्तक मिळाल्याशिवाय रंगावर विधान करू नका. आणि तेव्हा रंग हा मुख्यतः जाहिरातीचा आणि हौशी लोकांचा समजला जाई, हे शोअरबद्दल लिहिताना सांगावेच लागते.

लिहिताना प्रत्येक वाक्याच्या समासात खूण करा: नोंद, अनुमान की मत. उदाहरणार्थ, 'या चित्रात उपनगरी जीवनातला एकाकीपणा प्रभावीपणे दिसतो' हे पहिल्या मसुद्यातले वाक्य. त्याऐवजी: '१९६८ मध्ये, लष्करी गुंतवणुकीमुळे वाढलेल्या कोलोराडो स्प्रिंग्जमधल्या एका नव्या वसाहतीत, अ‍ॅडम्सने घर समोरून घेतले. मागच्या खिडकीच्या उजेडामुळे आतली बाई फक्त काळ्या आकृतीएवढी उरते. घर एखाद्या चौकटीसारखे तिला धरून आहे, पण ऊन मात्र भिंतीवर उदारपणे पडले आहे.' पहिले वाक्य नोंद, दुसरे अनुमान, तिसऱ्यात मत आहे आणि ते मत म्हणूनच वाचले जाते. प्रदर्शनाच्या फलकावर साठ-सत्तर शब्दांचीच जागा असेल तर काटछाट तिसऱ्या वाक्यापासून सुरू करा. ठिकाण, एक्स्पोजरचे वर्ष आणि प्रिंटचे वर्ष यांना हात लावू नका.